गाडी हालते, तर हालू दे

‘मॅडम, हे नॉर्मल आहे,’ असं त्या माणसानं मला तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा मी त्याला विचारलं, ‘तुमच्या घरातला पंखा असा चालला, तर तुम्ही त्याच्याखाली झोपाल का?’

तो हसला. गळ्यात टाय, हातात टॅब, जळगावच्या त्या उन्हातही चेहऱ्यावर एसीतला गारवा. सर्व्हिस सेंटरमधल्या सल्लागाराला हसावंच लागतं, तो पगाराचा भाग असावा. म्हणाला, ‘मॅडम, ड्युअल क्लच आहे ना, थोडं व्हायब्रेशन राहणारच. हळूहळू सवय होईल.’

सवय कोणाला, गाडीला की मला? तीस वर्षं मी पोरांना गणित शिकवते. चुकलेल्या उत्तराची सवय करून घे, असं मी आजवर एकाही पोराला सांगितलेलं नाही.

त्या गाडीचं दुखणं असं होतं. रिकाम्या रस्त्यावर ती लोण्यासारखी पळायची. पण दहा-पंधराच्या वेगाला आली, पुढं गर्दी लागली, पहिल्यातून दुसऱ्यात जायची वेळ आली, की खालून गदगदा हालायची, हिव भरलेल्या माणसासारखी. स्टिअरिंगवर हात, सीटला टेकलेली पाठ, सगळं हालायचं. आणि मनात एकच धास्ती, आता ही रस्त्यातच बसते की काय.

दुसरी गाडी घ्यायची होती, असं म्हणणारे खूप भेटले. त्यांना माझा डावा गुडघा दाखवायला हवा होता. जळगावहून भुसावळच्या शाळेत मी आधी वर्षानुवर्षं गिअरची गाडी चालवत गेले. मग एका पावसाळ्यात शाळेच्या आवारातच मैत्रिणीच्या स्कूटरवरून पडले आणि गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, चालाल, पण क्लच दाबणं विसरा. घरात सगळ्यांना वाईट वाटलं, हे खरं. पण त्या वाईट वाटण्यात थोडा सुटकेचा सुस्काराही होता, तो मी ऐकला. आता बाई घरी बसेल, जिथं तिथं स्वतः गाडी घेऊन जायची हौस फिटली एकदाची.

मी बसले नाही. क्लचचं पेडलच नसलेली गाडी घेतली. दोन वर्षं सुखाची गेली आणि मग हे हालणं सुरू झालं.

आमच्या ह्यांनी वरणगावच्या फॅक्टरीत आयुष्य काढलं. शिस्तीचा माणूस. ते म्हणाले, ‘विकून टाकू. ड्रायव्हर ठेवू.’ असोद्याचा माझा धाकटा भाऊ तर रोज फोन करायचा. केळीचा शेतकरी, ट्रॅक्टर डोळे झाकून चालवतो, त्यामुळं यंत्रातलं सगळं आपल्यालाच कळतं अशी त्याची पक्की समजूत. ‘अक्का, इकून टाक ते गाडी. तुले कुठी जाचं असंन तं मले फोन कर. मी येतो ना घ्याले.’

मी येतो ना घ्याले! हे वाक्य मी जन्मापासून ऐकत आले. कुठं जायचं तर कोणीतरी न्यायला येणार, मग आपण पिशवी भरून ओट्यावर बसायचं, त्याला वेळ होईल तेव्हा निघायचं. स्टिअरिंग हातात आलं त्या दिवशी माझं ते बसणं संपलं होतं. ते पुन्हा सुरू करायचं नव्हतं, बस्स. गाडीचा प्रश्न माझ्यासाठी एवढाच होता.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी काय केलं? पहिल्यांदा सॉफ्टवेअर अपडेट केलं. दुसऱ्यांदा पुन्हा सॉफ्टवेअरच केलं. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. प्रत्येक वेळी त्यांचा माणूस गाडी हायवेला काढायचा, साठच्या वेगानं दोन किलोमीटर जाऊन यायचा आणि म्हणायचा, ‘एकदम स्मूथ आहे, मॅडम.’ अरे, हायवेला ती स्मूथच आहे! पोट दुखतंय म्हणून गेलं आणि डॉक्टरनं कान तपासून पाठवून दिलं, तसला प्रकार.

तिसऱ्या खेपेला, ते पंख्याचं बोलणं झाल्यावर, मी टायवाल्याला म्हटलं, ‘आज टेस्ट ड्राइव्ह मी घेणार. तुम्ही बाजूला बसा.’ शाळेत जाताना ताकाची बाटली आणि स्टीलचा पेला माझ्याबरोबर असतोच. पेला काठोकाठ भरला आणि त्याच्या हातात दिला. ‘प्यायचं नाही. नुसतं धरा.’

हायवेकडं वळलेच नाही. थेट असोद्याचा रस्ता धरला. केळीची कापणी चालू होती. पहिलाच ट्रॅक्टर सापडला तो घडांनी भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत मुंगीच्या पावलानं चाललेला. मी त्याच्या मागं लागले. मागून हॉर्न वाजत होते, मोटारसायकली उजवीडावीकडून निघून जात होत्या, टायवाला म्हणत होता, ‘मॅडम, ओव्हरटेक करा ना, जागा आहे.’ मी म्हटलं, ‘ताक सांभाळा.’ आणि गाडीला भरलं हिव. गदगद, गदगद. पहिल्या झटक्याला ताक त्याच्या बोटांवर आलं, दुसऱ्याला मनगटावर, आणि तिसऱ्याला त्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर टायसकट. ‘आता सांगा,’ मी म्हटलं, ‘हे नॉर्मल आहे का?’

‘नाही, मॅडम,’ तो म्हणाला. मला इतका आनंद झाला की उरलेलं ताक मी त्याला प्यायला दिलं.

मग फाइल पुढं गेली. क्लच बदलावा लागेल, वॉरंटीत बसतोय, पार्ट वरून येईल, किती दिवस लागतील ते सांगता येत नाही. मी गाडी न्यायला मागच्या शेडमध्ये गेले, तिथं पिकल्या मिशांचे एक मेकॅनिक होते. त्यांनी हात पुसता पुसता मला नीट समजावून सांगितलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी. म्हणाले, ‘ताई, क्लच यात पण आहे. एक नाही, दोन आहेत. फक्त पायाऐवजी मशीन दाबतं. आणि तुमच्या गाडीतले कोरडे आहेत, तेलात नाहीत. अर्धवट दाबून ठेवले की घासतात, तापतात. पार्ट खराब आहेच, ते आमचं पाप. पण तुम्ही गाडी कशी सरकवता गर्दीत?’

मी सांगितलं, कशी म्हणजे? सगळे सरकवतात तशी. ब्रेकवरचा पाय जरा ढिला, पुन्हा जरा दाबून, इंच इंच.

‘तिथंच मार खाते ती,’ ते म्हणाले. ‘थांबायचं तर पूर्ण थांबा, ब्रेक घट्ट. पुढं गाडीभर जागा होऊ द्या. मग सोडा आणि सरळ जा.’

आता जळगावात पुढं गाडीभर जागा सोडायची म्हणजे काय, हे त्यांनाही माहीत आणि मलाही. इथं हातभर जागा दिसली की तीन सीट मोटारसायकल घुसते, वर त्यातला मधला आपल्याकडं बघून मान डोलावतो. म्हणून आम्ही सगळे पुढच्याच्या बुडाला बूड लावून चालवतो. मला गाडी शिकवणाऱ्यानंही पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं, लावून ठेव, फट देऊ नको. ती फट न देण्यापायी मी त्या क्लचचा जीव अर्धा केला होता. कंपनीचं पाप त्यांच्या पदरात टाकून झालं. हे माझं होतं, ते माझ्या पदरात मी घेतलं.

आणि गंमत म्हणजे हे मला ठाऊक होतं. सहा-सात वर्षांची असताना वडलांनी बैलगाडीवर माझ्या हातात कासरा दिला होता, तेव्हाच सांगितलं होतं. ‘एक तं कासरा ओढ, नाही तं पराणी लाव. दोन्ही संगं करशीन तं बैलाले समजत नाही काय कराचं, तो जाग्यावरच कुथते.’ मी नेमकं तेच करत होते. एकाच वेळी थांब आणि चाल.

वडील त्या आधीच्या हिवाळ्यात गेले होते. हे मी मुद्दाम आत्ता सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्या जाण्यामुळं झालं.

मार्चच्या शेवटी धुळ्याहून फुईचा फोन आला. फुई म्हणजे वडलांची धाकटी बहीण. वय पंच्याऐंशीच्या घरात. साठ-पासष्ट वर्षं धुळ्यात काढून तिची बोली पार तिकडची झालेली. तिनं इकडचं तिकडचं विचारलं, गुडघ्याचं विचारलं, आणि मग सहज विचारावं तसं म्हणाली, ‘आखाजी उनी व बाई. आते माले लेवाले कोन येई?’

आखाजी आली, आता मला न्यायला कोण येणार? आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खान्देशात दिवाळी चुकली तर चालते, आखाजीला लेक माहेरी यायलाच हवी. आणि ती आपली आपण येत नाही. माहेरचं माणूस जाऊन तिला घेऊन येतं, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. फुईचे मुऱ्हाळी वडील. आधी एसटीनं, नंतर माझ्या भावाच्या जीपनं, पण एकही आखाजी त्यांनी चुकवली नव्हती. शेवटच्या वर्षी तर त्यांनाच दोघांनी धरून गाडीत बसवलं होतं, तरी गेले. फुईचे बाकीचे भाऊ कधीच गेले होते. वडील गेले आणि फुईला न्यायला येणारं कोणी उरलं नाही.

मी भावाला फोन केला. तो म्हणाला, ‘अक्का, कापणी चालू हाय. मजूर नाहीत, ट्रक दारात उभा ऱ्हायते. औंदा मी फुईले साडी धाडतो. पुढच्या वर्षी पाहू.’

पुढच्या वर्षी पाहू! पंच्याऐंशी वर्षांच्या बाईला! माझं डोकंच फिरलं. पण त्याचंही अगदी खोटं नव्हतं, केळी कोणासाठी थांबत नाही. मी म्हटलं, ‘तू कापणी कर. मी जाते.’

पलीकडून प्रश्न आला, ‘त्या गाडीनं?’

‘मग काय बैलगाडीनं?’

‘अक्का, येडी झाली का तू? बाई माणूस कधी मुऱ्हाळी जाते का? आणि ते गाडी रस्त्यात बसली तं? चव्वेचाळीसचं ऊन हाय. म्हातारीले काही झालं तं?’

हा शेवटचा प्रश्न खरा होता. त्यानं माझी दोन रात्रींची झोप घेतली. पार्ट आलेला नव्हता. तो पुढं आला, बसवला, गाडी सुधारली, पण ते सगळं आखाजी होऊन गेल्यावर. मी मेकॅनिकना फोन करून विचारलं, धुळ्याला जाऊन येऊ का? ते म्हणाले, ‘हायवेला काही होणार नाही. गर्दीत मी सांगितलं तसं चालवा. तापल्याचा मेसेज आला तर हट्ट करू नका, सावलीत थांबवा, वीस मिनिटं द्या.’ ह्यांनी आणखी एकदा ‘भाड्याची गाडी करू’ म्हणून पाहिलं. मग माझा चेहरा बघून पाण्याचे दोन कॅन डिकीत ठेवून आले. दुपारी भुसावळला आमची लेक रेल्वेतून उतरणार होती, तिला आणायला ते थांबले. लेकीचे मुऱ्हाळी ते, फुईची मी.

आखाजीच्या आदल्या दिवशी पहाटे निघाले. एरंडोल, पारोळा, रस्ता मोकळा. गाडी अशी पळाली की जणू तिच्यात काही खोट नाहीच. जुन्या धुळ्यात शिरले आणि सोंग उतरलं. गल्ली अरुंद, समोर भाजीची हातगाडी, मागं रिक्षा. मी कासरा आठवला. थांब तर पूर्ण थांब. पुढं फट पडली, लगेच एक स्कूटर शिरली. शीर बाबा, शीर. मागचा रिक्षावाला ओरडला, ‘ओ मॅडम, झोपल्या का?’ मी खिडकीतून डोकं काढून म्हटलं, ‘जागीच आहे! तुम्हाला घाई असेल तर वरून जा!’ गाडी दोनदा गदगदली, पण चढली गल्ली.

फुई उंबऱ्यातच बसलेली. नऊवारी, कपाळाला गोंदण, शेजारी पिशवी. मला बघून उठलीच नाही. बसल्या बसल्याच म्हणाली, ‘उनी का मन्ही मुऱ्हाई!’ आणि पदर डोळ्याला लावला. मी पण रडले. गाडी, गुडघा, वडील, सगळं एकदम आलं.

फुईच्या मुलाला मी नाना म्हणते. माझ्याहून थोडा मोठा, भला माणूस. जेवण झालं, आणि तो घुटमळायला लागला. आमच्यात मुऱ्हाळ्याला रिकाम्या डोक्यानं परत पाठवत नाहीत, टोपी आणि टॉवेल देतात. त्यानं सवयीनं दोन्ही आणून ठेवलेलं होतं, दर वर्षी मामासाठी आणायचा तसं. आता पुढ्यात बाई. तो बायकोला हळूच म्हणाला, ‘ब्लाउजपीस दे ना ताईला, हे राहू दे.’

फुईनं ऐकलं. बाकी काही तिला धड ऐकू येत नाही, हे बरोबर ऐकू आलं. ‘मुऱ्हाई म्हनीसन उनी ना ती? मंग टोपीच दे.’

नानानं टोपी दिली. फुईनं ती त्याच्या हातातून घेतली आणि स्वतः माझ्या डोक्यावर ठेवली, पांढरी, कडक इस्त्रीची. वडलांच्या मापाची होती, माझ्या कानांवर आली. मी ती काढली नाही.

निघायला अकरा वाजले, आणि तीच चूक झाली. परतताना पारोळ्याच्या पुढं रस्त्याचं काम सुरू झालेलं, एकच बाजू चालू, ट्रकांची ही रांग. पाच मिनिटं, दहा मिनिटं. थांब, चाल, थांब. गाडी हालायला लागली. फुई सीटला धरून म्हणाली, ‘व माय! तुन्ही गाडीले थंडी वाजी राहिनी का? इतला उन्हमा?’ मी हसले. आणि पुढच्या मिनिटाला आला तो मेसेज, गिअरबॉक्स तापला आहे, गाडी सुरक्षित जागी थांबवा.

खोटं कशाला बोलू, मी घाबरले. रस्त्याच्या कडेला एक कडुलिंब होता, रांगेतून बाहेर काढून गाडी त्याच्याखाली नेली. मागचा ट्रकवाला हॉर्नवर बसलेलाच. फुईनं काच खाली केली आणि त्याला म्हणाली, ‘काय रे, आग लागनी का? थांब ना जरा!’ पंच्याऐंशी वर्षांच्या बाईचा तो आवाज ऐकून हॉर्न थांबला.

नेमका तेव्हाच भावाचा फोन. ‘कुठी हाय? बसली ना? मी सांगितलं होतं तुले...’ मी म्हटलं, ‘बसली नाही, दम घेतेय. ठेव.’ आणि ठेवला. म्हातारीला काही झालं तर, हा त्याचा प्रश्न डोक्यात घण घालत होता. मी फुईला पाणी दिलं, टॉवेल ओला करून तिच्या मानेवर ठेवला, तोच मुऱ्हाळ्याचा टॉवेल. ती अगदी निवांत. पिशवीतून शेव-मुरमुरे काढले, मला मूठभर दिले. म्हणाली, तुझा बाप पण पारोळ्याला एसटी थांबली की उतरून बिडी ओढायचा, आणि मी अशीच मुरमुरे खात बसायचे. घेऊ दे तिला दम.

वीस मिनिटं झाली. मेसेज गेला. पुढं गाडीभर जागा होईपर्यंत मी हलले नाही, मग सोडली आणि सरळ गेले. असंच पाऊण तास. थांबले तेव्हा पूर्ण थांबले, चालले तेव्हा चालले. मागचे काय बोलले ते त्यांनाच ठाऊक. रस्ता मोकळा झाला आणि मी फुईचा हात धरून एकदा जोरात दाबला.

असोद्याला पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. गल्लीत शिरताना गाडी शेवटची एकदा गदगदली, सगळ्या गावादेखत. दारात कडुलिंबाच्या सावलीत भावाचा ट्रॅक्टर उभा, मी उन्हातच थांबवली. वहिनी भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन आली, ओवाळून टाकलं. भाऊ शेतातून आलेला, हाताला केळीचा चीक. त्यानं माझ्या डोक्यावरची टोपी पाहिली. फुईला हात देऊन उतरवलं आणि म्हणाला, ‘फुई, तरास तं नाही झाला ना? लई हालते ते गाडी.’

फुई काठी टेकवून उभी राहिली. आधी घराकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

‘हालस तं हालस,’ ती म्हणाली. ‘पन मन्हा दारपावत उनी ना? तू उना का?’

भाऊ ट्रॅक्टरवर चढला, तो सावलीतून काढून पार उन्हात नेऊन लावला, आणि मला हातानं खूण केली, गाडी इथं घे.